फ्लॅश पडत नाही? कॅमेरा दुरुस्तीला टाकण्याआधी हे करून बघा

भाचीचा वाढदिवस. खोलीतले दिवे घालवलेले, मेणबत्त्यांवर फुंकर बसली, मी बटण दाबलं आणि फ्लॅश पडलाच नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही. बॅटरी काढून घातली, मेनूत दिसेल ते बदललं, फ्लॅश नखाने उचकटून वर काढायचाही प्रयत्न केला (हे अजिबात करू नका, का ते पुढे सांगतो). शेवटी फोनवर फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा दुरुस्तीला दिला. दहा दिवसांनी परत आणायला गेलो तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याने माझ्यासमोर जे केलं त्याला दोन सेकंद लागले. ते काय होतं ते चौथ्या पायरीत येईल.

त्यानंतर ओळखीपाळखीतले बरेच ‘बंद पडलेले’ फ्लॅश माझ्याकडे आले. खरोखर जळालेले फारच थोडे निघाले. बाकीच्यांत कुठे कॅमेऱ्यालाच फ्लॅश मारू नकोस असं सांगून ठेवलेलं होतं, कुठे सेल दमले होते, कुठे एखादा खटका अडकला होता. म्हणून खाली दिलेला क्रम पाळा. अधल्यामधल्या पायरीवरून सुरुवात केली की माझ्यासारखे दहा दिवस जातात.

हाताशी काय ठेवायचं

- पूर्ण चार्ज केलेली बॅटरी किंवा सेलचा नवा संच
- कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक (छापील हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या, ‘फ्लॅश’ प्रकरण लागेल)
- पांढरं खोडरबर, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल
- हवा मारायचा रबरी फुगा
- टॉर्च, आणि जमल्यास भिंग
- वापरता येत असेल तरच मल्टिमीटर
- अंधार करता येईल अशी खोली आणि एक फिकट रंगाची भिंत

स्क्रू-ड्रायव्हर या यादीत मुद्दाम नाही.

१. आधी तक्रार नेमकी काय आहे ते ओळखा

‘फ्लॅश चालत नाही’ या एका वाक्यात तीन वेगळे आजार असतात आणि तिघांची औषधं वेगळी.

खोलीत अंधार करा. भिंतीपासून दीड-दोन मीटरवर उभे राहा. कॅमेरा भिंतीकडे धरा, फ्लॅश सक्तीने पडेल असा मोड निवडा (बाणासारख्या विजेचं चिन्ह, शेजारी ‘ए’ अक्षर नसलेलं) आणि बटण दाबा. दाबताना डोळा कॅमेऱ्याला लावू नका, भिंतीकडे बघा. डीएसएलआरमध्ये फोटो निघताना आरसा वर जातो आणि व्ह्यूफाइंडर काळा होतो, त्यामुळे आपलाच फ्लॅश आपल्याला नीट दिसत नाही. याच कारणाने चांगल्या फ्लॅशला मेलेला ठरवणारे लोक मी पाहिले आहेत.

आता कानही लावा. फ्लॅश चार्ज होताना बारीक, चढत जाणारा शिट्टीसारखा आवाज येतो. बॅटरीच्या चार-सहा व्होल्टचे साधारण ३०० व्होल्ट करून ते कपॅसिटरमध्ये साठवले जातात, त्या सर्किटचा तो आवाज. नव्या कॅमेऱ्यांत तो फार हळू असतो, पण शांत खोलीत कान जवळ नेला की बहुधा कळतो. चार्ज झालं की फ्लॅशवरचा दिवा लागतो किंवा पडद्यावर विजेचं चिन्ह स्थिर होतं.

यातून तीन प्रकार निघतात.

पहिला: आवाज नाही, दिवा नाही, काहीच नाही. फ्लॅशला वीज पोचत नाही, किंवा तो बंद ठेवलेला आहे. पायरी २, ३ आणि ४.

दुसरा: चार्ज होतो, दिवा लागतो, पण बटण दाबल्यावर भिंत अंधारीच. पायरी २, ४, ५ आणि शेवटी ८.

तिसरा: भिंत लख्ख उजळते, पण फोटो काळा किंवा अर्धा काळा येतो. म्हणजे फ्लॅश ठणठणीत आहे. सरळ पायरी ६ वर जा.

अजून एक पुरावा फुकट मिळतो. काढलेल्या फोटोची तपशीलवार माहिती संगणकावर उघडा. त्यात फ्लॅशची एक ओळ असते, ‘पडला’ किंवा ‘पडला नाही’ अशा अर्थाची. ‘पडला नाही’ असेल तर कॅमेऱ्याने हुकूमच सोडलेला नाही, म्हणजे खोट बहुधा सेटिंगमध्ये. ‘पडला’ लिहिलंय पण भिंत अंधारी होती, तर हुकूम सुटला आणि वाटेत कुठेतरी अडला. बहुतेक कॅमेऱ्यांत ही ओळ हुकुमाबद्दल सांगते, प्रकाश खरोखर पडला की नाही याबद्दल नाही, एवढं लक्षात असू द्या.

२. कॅमेऱ्याला फ्लॅश मारायची परवानगी आहे का?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण सगळ्यात जास्त फ्लॅश इथेच अडतात.

ऑटो मोडमधून नुकतेच बाहेर पडलेल्यांचा ठरलेला घोळ: ऑटोमध्ये अंधार झाला की फ्लॅश आपोआप वर यायचा, आणि चाक ‘पी’, ‘ए’, ‘एस’ किंवा ‘एम’वर फिरवल्यापासून येईना. बिघाड काही नाही. या मोडमध्ये बहुतेक कॅमेरे फ्लॅशचा निर्णय तुमच्यावर सोडतात. विजेचं चिन्ह असलेलं बटण दाबून तो तुम्हीच उघडायचा.

याशिवाय हे तपासा:

- सीन मोड. निसर्गदृश्य, सूर्यास्त, आतषबाजी, खेळ, संग्रहालय अशा मोडमध्ये फ्लॅश सहसा बंद असतो.
- सलग फोटो. बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांत एकापाठोपाठ एक फोटो काढायचा मोड लावला की फ्लॅश बंद होतो. त्याला पुन्हा चार्ज व्हायला वेळच मिळत नाही.
- एचडीआर, पॅनोरमा, व्हिडिओ. यांतही तेच.
- सायलेंट किंवा इलेक्ट्रॉनिक शटर. मिररलेस घेणाऱ्यांचा हा नवा सापळा. थोडे महागडे अपवाद सोडले तर इलेक्ट्रॉनिक शटरवर फ्लॅश पडत नाही. कुठल्याशा शांत कार्यक्रमात आवाज बंद केलेला असतो, आणि महिन्याभराने आपण फ्लॅशला शिव्या देत बसतो. शटर ‘मेकॅनिकल’वर आणा.
- मेनूतला मुख्य खटका. कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत फ्लॅशच्या मेनूत ‘फ्लॅश फायरिंग’ नावाची ओळ असते. ती ‘डिसेबल’वर असेल तर वर उघडलेला फ्लॅशही पडत नाही.
- पडद्यावरचं चिन्ह. विजेच्या चिन्हावर काट किंवा गोल असेल तर फ्लॅश बंद आहे.

हे सगळं बघूनही उमगत नसेल तर मेनूतून सेटिंग मूळ स्थितीला आणा. त्याआधी आपली नेहमीची सेटिंग फोनवर टिपून ठेवा. आणि पुन्हा भिंतीची परीक्षा घ्या.

३. बॅटरी: कॅमेरा चालतोय म्हणजे बॅटरी चांगली, असं नाही

बॅटरी उतरायला लागली की बरेच कॅमेरे सगळ्यात आधी फ्लॅशवर पाणी सोडतात. पडदा लागतो, फोटो निघतात, लेन्स आत-बाहेर होते आणि फ्लॅश मात्र रुसलेला. पूर्ण चार्ज बॅटरी घालून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

‘डबल ए’ (एए) सेलवर चालणारे कॅमेरे आणि बाहेरून लावायचे फ्लॅश यांची गोष्ट जरा खोलात सांगण्यासारखी आहे. घड्याळात किंवा रिमोटमध्ये घालतो ते साधे कार्बन-झिंक सेल फ्लॅशला निरुपयोगी. अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा आणि चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड १.२ व्होल्टचा, म्हणून अल्कलाइन भारी असा हिशेब लोक करतात. फ्लॅश मात्र एका झटक्यात भरपूर करंट ओढतो. त्या ओढीत अल्कलाइनचा व्होल्टेज खाली बसतो, निकेल-मेटल हायड्राइडचा फारसा बसत नाही. त्यामुळे १.२ व्होल्टवाले सेलच फ्लॅश लवकर भरतात. याच कारणाने मल्टिमीटर लावून ‘१.४ दाखवतोय, सेल चांगला आहे’ असं म्हणण्यात अर्थ नसतो. बिनओझ्याचा आकडा तो.

सेल नेहमी संचाने वापरा. चारांपैकी एक जरी दमलेला असला तरी बाकी तिघांचं काही चालत नाही. मी मार्करने संचावर अ, ब, क लिहून ठेवतो, एकत्र चार्ज करतो, एकत्रच बाद करतो. आणि ‘डबल ए’ सेलच्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे लिथियम-आयन सेलही मिळतात. ते चुकूनसुद्धा घालू नका, चारांच्या संचात व्होल्टेज जवळपास तिप्पट होईल.

सेलच्या कप्प्यात टॉर्च मारा. स्प्रिंगवर पांढरी किंवा हिरवट भुकटी दिसली तर सेल गळलाय. हातमोजे घाला, काडीच्या टोकाला व्हिनेगरचा थेंब घेऊन भुकटीवर टेकवा. किंचित फसफसेल. पुसून घ्या, मग अल्कोहोलने पुसा, आणि पूर्ण वाळेपर्यंत सेल घालू नका. काडी ओली असावी, टपकणारी नको. कप्प्यात व्हिनेगर ओतणाऱ्याचा फ्लॅश मी पाहिला आहे, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

आणखी एक: पाठोपाठ वीस-तीस फ्लॅश मारले असतील आणि मग तो थांबला असेल, तर तो तापला असेल. बऱ्याच फ्लॅशमध्ये तापल्यावर थांबायची सोय असते. दहा-पंधरा मिनिटं सोडून द्या.

४. वर उघडणारा फ्लॅश आणि हॉटशूमधला छुपा खटका

आता वाढदिवसाची गोष्ट पूर्ण करतो.

कॅमेऱ्याच्या डोक्यावर बाहेरचा फ्लॅश सरकवायची जी धातूची खाच असते ती हॉटशू. बऱ्याच कॅमेऱ्यांत तिच्या कडेच्या पट्टीखाली दाण्याएवढा एक खटका लपलेला असतो. बाहेरचा फ्लॅश सरकवला की तो दाबला जातो आणि कॅमेरा समजतो, डोक्यावर पाहुणा बसलाय, आपला फ्लॅश उघडायचा नाही. पाहुणा गेला की खटका परत वर यायला हवा. माझा आला नव्हता. दोन आठवडे आधी मी मित्राचा फ्लॅश लावून बघितला होता, तेव्हापासून धूळ आणि घामाचा चिकटा धरून तो दाबलेलाच राहिला होता. दुरुस्ती करणाऱ्याने पट्टीखाली लाकडी दातकोरणं घातलं, दोनदा हलकेच हलवलं, ‘टक्’ झालं, आणि फ्लॅशचं बटण दाबताच फ्लॅश टुणकन वर आला.

हे घरी करता येतं. कॅमेरा बंद करा, बॅटरी काढा. हॉटशूवर प्लास्टिकची टोपी असेल तर ती काढून टाका, कधी कधी तीच खटका दाबून बसलेली असते. टॉर्चच्या उजेडात दोन्ही पट्ट्यांखाली बघा. फुग्याने हवा मारा. बाहेरचा फ्लॅश किंवा ती टोपी पाच-सहा वेळा सरकवून काढा. तेवढ्याने नाही झालं तर दातकोरण्याच्या बोथट टोकाने खटका हलकेच वर-खाली करा. सुई, टाचणी, पिन काही नको. तेलाचा फवारा तर मुळीच नको, आज सुटेल आणि पुढच्या महिन्यात दुप्पट धूळ धरून बसेल.

फ्लॅश वरच येत नसेल तर नखाने उचकटू नका. आतली कडी बारीक असते, तुटली की मग खरी दुरुस्ती निघते. कॅननचा कॅमेरा अशा वेळी ‘एरर ०५’ दाखवतो, त्याचा अर्थच हा की आतला फ्लॅश उचलला गेला नाही. कॅमेरा बंद करून चालू करा, वर बोट किंवा पट्टा आडवा येत नाही ना ते बघा.

फ्लॅश वर येतो, पण कधी पडतो, कधी नाही? तो पूर्ण उघडलेला असताना बोटाने अगदी किंचित मागे-पुढे टेका देऊन फोटो काढा. एका कोनात पडतो आणि दुसऱ्यात नाही, असं झालं तर बिजागरीतून जाणारी पातळ वायर किंवा तिथला खटका गेलाय. हे घरी होणारं काम नाही, पण दुरुस्तीवाल्याला एवढं सांगितलंत तरी त्याचा अर्धा वेळ वाचेल.

५. बाहेरचा फ्लॅश लावत असाल तर

पहिलं काम: फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढा, चालू करा, त्याच्या पाठीवरचं ‘टेस्ट’ किंवा ‘पायलट’ बटण दाबा. पडला तर फ्लॅश आणि सेल चांगले, अडचण जोडणीत आहे. नाही पडला तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका, पायरी ३ वर परत जा.

जोडणीत बघायचं ते असं. पाय खाचेत अगदी पुढेपर्यंत गेला आहे का, आणि चकती किंवा कडी आवळली आहे का? अर्धा मिलिमीटर मागे राहिला तरी संपर्क चुकतो. कॅमेरा आणि फ्लॅश बंद असताना टाचणीच्या डोक्यासारखे संपर्कबिंदू खोडरबरने हलकेच घासा, चुरा फुग्याने उडवा, अल्कोहोलच्या काडीने पुसा. पॉलिश पेपर वापरू नका, वरचा मुलामा निघून जाईल.

फ्लॅशचा मोडही बघा. ‘एस१’, ‘एस२’, ‘स्लेव्ह’ किंवा ‘रिमोट’वर ठेवलेला फ्लॅश दुसऱ्या फ्लॅशची वाट बघत बसतो, कॅमेऱ्याच्या डोक्यावर असला तरी. त्याला ‘टीटीएल’ (ताकदीचा हिशेब आपोआप) किंवा ‘एम’वर (ताकद तुम्ही ठरवायची) आणा. काही फ्लॅश थोड्या वेळाने झोपी जातात, शटरचं बटण अर्धं दाबून उठवावं लागतं.

मग जातकुळी. कॅननसाठी बनवलेला फ्लॅश निकॉनवर बसतो, कारण खाच सारखीच असते. पण बाकीचे संपर्कबिंदू वेगळे, त्यामुळे फार तर मॅन्युअलवर पडेल, स्वतः हिशेब करणार नाही. आणि नवख्यांना हमखास चकवणारा अपवाद: कॅननच्या २५०डी या कॅमेऱ्याच्या हॉटशूमध्ये मधला संपर्कबिंदूच नाही. हाच कॅमेरा काही देशांत २००डी मार्क २ म्हणून विकला गेला. साधे मॅन्युअल फ्लॅश आणि ट्रिगर (लांब ठेवलेला फ्लॅश पाडणारी यंत्रं) त्या मधल्या बिंदूवरच चालतात, म्हणून ते यावर पडत नाहीत. फ्लॅशही चांगला आणि कॅमेराही चांगला, जोडी मात्र जुळत नाही.

घरात सापडलेला रोलच्या जमान्यातला फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर थेट चढवू नका. त्यांतल्या काहींच्या संपर्कबिंदूवर २०० व्होल्टच्या वर व्होल्टेज असतो आणि काही डिजिटल कॅमेरे फक्त ६ व्होल्टपर्यंत सोसतात. कॅमेऱ्याची मर्यादा माहितीपुस्तकात किंवा कंपनीकडे बघा. मल्टिमीटर येत असेल तर फ्लॅश पूर्ण चार्ज करून पायाच्या मधल्या बिंदूवर आणि कडेच्या धातूवर मल्टिमीटरच्या काड्या टेकवून मोजा, बोटं लांब ठेवून. येत नसेल तर तो फ्लॅश कपाटातच शोभतो.

६. फ्लॅश पडतो, पण फोटो काळा

फोटोत आडवा काळा पट्टा असेल तर शटर फार वेगाचं आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशबरोबर चालणारा वेग १/२०० किंवा १/२५० सेकंदाच्या आसपास असतो. १/१२५ वर आणा, पट्टा जाईल.

फोटोच्या खालच्या भागात अर्धगोल सावली? लेन्सचा हूड काढा. आतला फ्लॅश इतका खाली असतो की लांब लेन्स किंवा हूड त्याच्या वाटेत येतो.

सगळा फोटो काळा असेल तर अंतर मोजा. फ्लॅशच्या ताकदीला गाइड नंबर म्हणतात. त्याला लेन्सच्या छिद्राच्या (अॅपर्चरच्या) आकड्याने भागलं की पोच मिळते. गाइड नंबर १२, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १००, छिद्र एफ/४ असेल तर १२ भागिले ४, म्हणजे ३ मीटर. बस्स. आयएसओ ४०० केलं की ६ मीटर, १६०० केलं की १२. शेवटच्या रांगेत बसून रंगमंचावर फ्लॅश मारणाऱ्याला पुढच्या रांगांतली डोकीच उजळलेली मिळतात, ती यामुळे.

फ्लॅशची भरपाई (उजेड कमी-जास्त करायची ‘कॉम्पेन्सेशन’ सेटिंग) ‘-३’वर किंवा ताकद ‘१/१२८’वर राहून गेली नाही ना, तेही बघा. हे माझ्याकडून अजूनही होतं.

७. बरेच महिने पडून असलेला फ्लॅश

कपॅसिटर वापराविना राहिला की आतला थर कमजोर होतो आणि चार्ज धरायला तो कुरकुरतो. नवे सेल घाला, फ्लॅश चालू करून पाच-दहा मिनिटं तसाच ठेवा, मग कमी ताकदीवर दोन-चार आणि पूर्ण ताकदीवर पाच-सहा वेळा पाडा, प्रत्येक वेळी मध्ये अर्धा-एक मिनिट थांबून. पहिल्या चार्जला वेळ लागेल, पुढे कमी होत जाईल. तसं होत नसेल आणि प्रत्येक वेळी अर्धा मिनिट लागत असेल तर कपॅसिटर थकला. महिन्यातून एकदा फ्लॅश चार-पाचदा पाडला तर ही वेळ येत नाही. ठेवताना मात्र सेल काढून ठेवा.

८. इथे हात थांबवा

चार्ज होतो, सेटिंग बरोबर, खटका मोकळा, आणि तरी पडत नाही? मग झेनॉनची नळी किंवा तिला पेटवणारं ट्रिगर सर्किट गेलं असणार. टॉर्चने नळी बघा: टोकं काळी पडलेली किंवा काचेला तडा असेल तर उत्तर मिळालं.

पण कॅमेरा उघडू नका. त्या कपॅसिटरमधले ३०० व्होल्ट बॅटरी काढल्याने जात नाहीत, बराच काळ तसेच बसून राहतात. हात लागला तर जबर झटका बसतो, मोठ्या फ्लॅशमध्ये तो जिवावरही बेतू शकतो. नळी पेटवणारी नाडी तर काही हजार व्होल्टची असते. ‘स्क्रू-ड्रायव्हरने टोकं जोडून डिस्चार्ज करा’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. ठिणगीने धातू वितळून उडतो.

९. दुरुस्तीला देताना

सोबत न्या:

- खरेदीचं बिल आणि वॉरंटी कार्ड
- कॅमेऱ्याच्या बुडाला असलेला अनुक्रमांक, वेगळा लिहून
- वरच्या कुठल्या पायऱ्या केल्या आणि काय झालं, चार ओळींत (‘चार्ज होतो, टेस्ट बटणावर पडतो, कॅमेऱ्यावर नाही’ अशा भाषेत)
- तक्रार दाखवणारे दोन फोटो

मेमरी कार्ड आणि पट्टा काढून घ्या, बॅटरी दिली असेल तर पावतीवर लिहून घ्या. वॉरंटी शिल्लक असेल तर अधिकृत केंद्राबाहेर कुणाला उघडू देऊ नका. खर्चाचा अंदाज आधी मागा. फक्त आतला फ्लॅश गेलाय आणि हॉटशू चालतोय, असं असेल तर त्या पैशात बाहेरचा छोटा फ्लॅश येतो का ते बघा. आतल्या फ्लॅशपेक्षा तो उजेड चांगला देतो, आणि वळणारं डोकं असेल तर छतावर मारून फोटोही मऊ येतात.

परत घेताना पैसे देण्याआधी तिथेच भिंतीकडे तोंड करून दहा फोटो काढा, मध्ये एकदा कॅमेरा बंद-चालू करून. पहिला एखादा फ्लॅश कसाही पडतो, सातवा-आठवा बघायचा.